हजेरी

तासगावच्या आमच्या चर्चमधलं लाकडी कपाट
पाळकबाईंनी मला उघडायला लावलं,
किल्ली पहिल्यापासून आमच्याच घरात म्हणून.
आत प्रभुभोजनाची दोन पोचे पडलेली भांडी,
उंदरांनी कुरतडलेली गीतांची पुस्तकं,
आणि तळाशी, मेणकापडात,
हजेरीबुक.

अक्षर ओळखीचं निघालं.
माझ्या पणजोबांचा ‘र’ असाच,
गाठ मारलेला.
शिमोन मास्तर रणभिसे, सेटलमेंटचे कारकून,
साहेबाच्या डाव्या हाताला उभे,
सकाळी, दुपारी, रात्री दोनला पुन्हा
तारेच्या आतली माणसं मोजत.

नावं नाहीत, नंबर.
नंबरापुढं अंगठा, अंगठ्यापुढं शेरा:
तितर धरायला गेला. सहा फटके.
आपल्या बोलीत बोलली. जेवण बंद.
मूल वारलं. कुंपणाबाहेर.

महिन्यापूर्वी वरून पत्रक आलं होतं.
समुद्रापलीकडं शेकडो वर्षांमागं कुणीसं लिहून ठेवलेलं
की जिथं आपला देव ठाऊक नाही ती जमीन रिकामी,
तिथली माणसं धरावीत, बांधावीत, सुधारावीत.
तो कागद आता आमचा नाही, असं पत्रकात.
खाली सह्या, शिक्का, जावक क्रमांक.
रविवारी वाचायचं, मग स्तोत्र, मग चहा.

पंचांत कुरकुर झाली.
शेलार सर म्हणाले, केलं साहेबानं, साहेब तर गेला.
आपण तरी कोण होतो?
गावकुसाबाहेरचेच ना?
आपल्याही ओंजळीत पाणी वरूनच पडायचं.

खरं आहे.
मी मांडीवरचं बुक मिटलं नाही.
खरं आहे सर, पण
आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला खुर्ची दिली
तेव्हा तिच्यावर बसून
आपण हे लिहिलं.

रविवारी झुंबरबाई काळे आल्या.
सोबत तीन सुना, एक शेळी,
आणि नातू फौजदार;
तो जन्मला त्या रात्री पालावर धाड पडली होती,
म्हणून ते नाव.
आत या म्हटलं तर पायरीवरच बसल्या.
“हितनं आयकू येतंय.”

पाळकबाईंनी वाचलं. आवाज दोनदा अडकला.
क्षमा हा शब्द आमच्या छपराखाली
इतक्यांदा बोलला गेलाय
की भिंतींनाही तो पाठ.
त्या दिवशी पायरीपर्यंत गेला
आणि तिथं उभाच राहिला.

झुंबरबाईंनी तळहातावरची तंबाखू झटकली.
“माफी मागितलीसा, बरं केलंसा.
पर ठिवू कुठं ती? माझ्या पालाला दार न्हाई.
उद्या पोलीस आला तर त्येला दावू?”

स्तोत्र कुणालाच सुरू करता येईना.

मग त्यांनी बुक मागितलं.
वाचता येत नाही त्यांना. तरी पान न्‌ पान,
ठशांवरून आपला अंगठा फिरवत,
तांदळात खडा शोधावा तसं.
“आजीच्या डाव्या अंगठ्याला इळा लागलावता.
मधनं चिरल्याला.”

एकशे सत्तेचाळीस.
शाईत बारीकशी पांढरी भेग.

नाव काय, मी विचारलं.
“सुरमी.”
पेन काढलं, पणजोबांच्या ओळीला लागून लिहिलं.
माझाही ‘र’
तसाच पडला. गाठीचा.

“आन्‌ ह्ये कुंपणाभायेर म्हंजी कुठं?”

आम्ही सगळे चर्चमागं बघायला लागलो.
तिथं आता द्राक्षबाग. सातबारा चर्चच्या नावावर,
बाग खंडानं दिलेली,
त्या पैशातून छपराचे पत्रे बदलले, गेल्याच नाताळात.

बुधवारी पंचांची बैठक आहे. विषय एकच.
शेलार सरांनी मोजणीचा नकाशा मागवलाय,
का मागवलाय ते सांगत नाहीत.

जाताना झुंबरबाई तारेपाशी थांबल्या.
आत गेल्या नाहीत.
शेळी मात्र खालच्या तारेखालून घुसली,
पहिल्या वेलीची पानं
सावकाश खायला लागली.

बागवान काठी घेऊन उठला,
आमच्याकडं बघितलं,
आणि बसला.